स्टेज कितवी?

गोव्यात 'स्टेज' हा शब्द कानावर पडला की आधी आठवतो तो देवळासमोरचा मांडव. जत्रा, काला, रात्री उशिरा सुरू होऊन पहाटे संपणारं नाटक, आणि त्यात तोंडाला रंग लावून उभे राहणारे गावातलेच मास्तर, कारकून आणि दुकानदार.

याच शब्दाचा दुसरा उपयोग मात्र आपण दबक्या आवाजात करतो. कुणाला कॅन्सर झाल्याचं कळलं की पहिला प्रश्न ठरलेला, "स्टेज कितवी?" पहिली म्हटलं की समोरचा म्हणतो, "देव पावला." चौथी म्हटलं की तो काहीच म्हणत नाही, चहाचा कप खाली ठेवतो. हा आकडा कुणी मोजला, कशाने मोजला, मोजणी कुठल्या दिवशीची, हे विचारायच्या भानगडीत कुणी पडत नाही.

मी कलाशाखेचा पदवीधर. पणजीत एका सरकारी खात्यात कारकून आहे. शास्त्राशी माझा संबंध दहावीनंतर सुटला. पण २०२२च्या पावसाळ्यात माझ्या मामाला जिभेचा कॅन्सर निघाला आणि त्याची फाईल सांभाळण्याचं काम माझ्याकडे आलं. घरातल्यांच्या मते फाईल म्हटली की मी! नोकरीच्या सवयीने प्रत्येक कागद वाचत गेलो, न कळलेलं डॉक्टरांना विचारत गेलो. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतो. मी डॉक्टर नाही, तेव्हा उपचाराचा सल्ला कुणी यातून घेऊ नये.

मामा म्हणजे फोंडा तालुक्यातला माणूस. घरामागे लहानसं कुळागर, त्यामुळे सुपारी घरचीच. पानाचा डबा कायम उशाशी. जत्रेच्या नाटकात चाळीस वर्षं कामं केली, त्यातही पल्लेदार वाक्यं असलेली भूमिका त्याला विशेष प्रिय. जिभेच्या उजव्या कडेला फोड आला तेव्हा त्याने ती दाताची खरचट समजून दीड महिना काढला. दुखत नव्हतंच फारसं. शेवटी दातांच्या डॉक्टरनेच भुवया उंचावल्या आणि बायोप्सी करायला सांगितली. जिभेचा बारीक तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली गेला आणि उत्तर आलं.

इथे पहिली गोष्ट कळली. बायोप्सी सांगते की हा कॅन्सर आहे आणि तो कुठल्या जातीचा आहे. तो कुठवर पोचला आहे हे त्या तुकड्याला सांगता येत नाही. सातबाराच्या उताऱ्यावर जमिनीचं वर्णन असतं, पण कुंपण नेमकं कुठे आहे ते पाहायला जागेवरच जावं लागतं, तसंच हे. आणि जागा जर जिभेच्या आत, जबड्याच्या मागे, मानेच्या स्नायूंखाली असेल, तर तिथे जाण्याचा मार्ग म्हणजे स्कॅन.

स्टेजचा आकडाही कुणी अंदाजाने देत नाही. त्यामागे एक सांकेतिक नोंद असते, टी, एन आणि एम अशा तीन अक्षरांची. फ्रान्सचे शल्यचिकित्सक पिएर दनुआ यांनी १९४३ ते १९५२ या काळात ही पद्धत बसवली. टी म्हणजे मूळ गाठ किती मोठी आणि किती आत. एन म्हणजे मानेतल्या लसिकाग्रंथींमध्ये, ज्यांना डॉक्टर लिम्फ नोड म्हणतात, रोग शिरला आहे का. एम म्हणजे फुप्फुसासारख्या दूरच्या जागी गेला आहे का. प्रत्येक अक्षरापुढे एक अंक, आणि तिघांचा मेळ घालून स्टेज ठरते. आमच्या खात्यात फाईलीच्या क्रमांकावरून विभाग, विषय आणि वर्ष कळतं ना, अगदी तसंच. मला ही पद्धत लगेच आपली वाटली.

मामाचा फोड डॉक्टरांनी मोजला तेव्हा भरला १८ मिलिमीटर. दोन सेंटिमीटरच्या आत, म्हणजे दिसायला टी१. आम्हाला हायसं वाटलं. पण तपासणाऱ्या तरुण डॉक्टर बाईंनी हातमोज्यातल्या बोटाने जीभ चाचपून पाहिली आणि म्हणाल्या, "काका, वरून लहान आहे. खाली किती गेलंय ते पाहू. एमआरआय करून घ्या."

आपल्याकडच्या खाजन शेतीचे बांध ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे चटकन समजेल. बांधाला कुर्ली भोक पाडते. बाहेरून पाहिलं तर अंगठा जाईल एवढंच. पण आत ती किती खोल गेली आहे यावर पुढच्या भरतीला बांध टिकणार की फुटणार हे ठरतं. कर्क म्हणजे खेकडाच. या रोगाला ते नाव देणाऱ्यांनी खाजन पाहिलं नसेल, पण नाव चपखल बसलं आहे.

तोंडाच्या कॅन्सरमध्ये ही खोली पूर्वी टीच्या हिशेबात धरलीच जात नव्हती. २०१८पासून लागू झालेल्या आठव्या आवृत्तीत ती धरली गेली. पाच मिलिमीटरपर्यंत एक पायरी, पाच ते दहा दुसरी, दहाच्या पुढे आणखी वरची. मामाच्या एमआरआयमध्ये खोली निघाली ८ मिलिमीटर. टी१चा झाला टी२. डोळ्याला जे दिसलं होतं त्यात काही चूक नव्हती, पण डोळा पृष्ठभागावरच थांबतो.

आता सीटी आणि एमआरआय यांतला फरक. हा प्रश्न मला नंतर इतक्या जणांनी विचारला की लिहूनच टाकतो.

सीटी स्कॅन म्हणजे शेवटी क्ष-किरणच. फक्त ते शरीराभोवती फिरवून, आत कुठे किती अडले याचं गणित मांडून संगणक आडव्या चकत्यांची चित्रं तयार करतो. हे यंत्र बनवलं इंग्लंडच्या गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी. ते नोकरीला होते ईएमआय कंपनीत. नाट्यसंगीताच्या शौकिनांना सांगायला हवं, की आपल्या जुन्या घरांतल्या फोनोवर वाजणाऱ्या, कर्ण्यासमोर बसलेल्या कुत्र्याच्या तबकड्या ज्या समूहाच्या, तीच ही ईएमआय! १ ऑक्टोबर १९७१ला लंडनच्या विम्बल्डन भागातल्या ऍटकिन्सन मोर्ली हॉस्पिटलात पहिल्या रुग्णाचा स्कॅन झाला, तो डोक्याचा. ते चित्र ८० बाय ८० चौकोनांचं होतं. १९७९ मध्ये हाउन्सफील्ड आणि ऍलन कॉर्मॅक यांना नोबेल मिळालं.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. मोठ्या चुंबकात माणसाला झोपवून शरीरातल्या पाण्याच्या हायड्रोजनकडून येणारे संकेत टिपले जातात. त्यासाठी पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ मध्ये नोबेल मिळालं. जीभ, स्नायू, चेतातंतू यांसारख्या मऊ भागात रोग कुठे संपतो आणि निरोगी मांस कुठे सुरू होतं, ते एमआरआय जास्त स्पष्ट दाखवतो. जबड्याच्या हाडाचा वरचा कडक थर कुरतडला आहे का, ते सीटी चांगलं दाखवतं. म्हणून डॉक्टर कधी हे मागतात, कधी ते, तर कधी दोन्ही.

स्कॅन करतानाही रुग्णाला बरंच काही करावं लागतं. गालाच्या किंवा हिरडीच्या कॅन्सरला सीटी करताना गाल फुगवून धरायला सांगतात. आपला गाल हिरडीला चिकटलेला असतो, त्यामुळे गाठ नेमकी कुणाची हेच कळत नाही. मध्ये हवा शिरली की दोघं वेगळे दिसतात. दातांत चांदी भरलेली असली की सीटीच्या चित्रात पांढरे फराटे उठतात आणि शेजारचं सगळं झाकून जातं. एमआरआयमध्ये तर चित्र घेताना गिळायचं नाही, जीभ हलवायची नाही, असा दंडक. कानांशी ठोकाठोक चाललेली, तोंडात लाळ जमलेली, आणि हालायचं नाही. मामा बाहेर आला तो म्हणाला, "चाळीस वर्षांत एकदाही इतका वेळ गप्प बसलो नव्हतो."

आणखी एक गोष्ट, जी आमच्या अंगावर बेतली. एमआरआयच्या आधीच, घाईघाईत, आम्ही एका खासगी सेंटरमध्ये मानेचा सीटी करून घेतला होता. तो त्यांनी कॉन्ट्रास्टशिवाय केला. कॉन्ट्रास्ट म्हणजे शिरेतून देतात ते औषध. ते गेलं की रक्तवाहिन्या उजळतात आणि गाठ आजूबाजूच्या मांसातून उठून दिसते. ते नसेल तर मानेतली लसिकाग्रंथी आणि रक्तवाहिनी यांत भेद करणं अवघड जातं. डॉक्टरांनी प्लेट उजेडासमोर धरली आणि बाजूला ठेवली. पैसे गेले ते गेलेच, वर आठवडा गेला. कॉन्ट्रास्टआधी मूत्रपिंडाचं काम तपासायला क्रिएटिनिनची रक्ततपासणी लागते, मधुमेहाची औषधं आणि ऍलर्जी सांगावी लागते. ही यादी बाहेरच्या खिडकीवरच मागून घ्यावी.

आता दुसरं अक्षर, एन. डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये हे अक्षर सगळ्यांत वजनदार, कारण तोंडातून निघालेला रोग बहुधा आधी मानेत उतरतो. स्कॅन पाहणारे डॉक्टर ग्रंथीचा आकार पाहतात. साधारण सेंटिमीटरच्या वर गेली की संशय. पण नुसता आकार पुरत नाही. ग्रंथी गोल झाली आहे का, तिच्या मध्यभागी काळपट पोकळी दिसते का, कडा धूसर आहेत का, हेही पाहतात. सोनोग्राफीत पाहत पाहत सुई घालून पेशी काढता येतात. मामाच्या मानेत उजव्या बाजूला ११ मिलिमीटरची एक ग्रंथी निघाली. हाताला ती लागत नव्हती, पण तिचा मधला भाग मेलेला दिसत होता. सुईच्या तपासणीत रोग सापडला. एन१. छातीचा सीटी स्वच्छ, म्हणजे एम०. टी२, एन१, एम०. स्टेज तिसरी.

स्कॅनमध्ये काहीच दिसलं नसतं तर मान सोडून दिली असती का? हा प्रश्न मी विचारला होता. उत्तर मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या एका अभ्यासात आहे. २०१५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. तोंडाचा सुरुवातीचा कॅन्सर असलेले, मानेत गाठ हाताला न लागणारे ५०० रुग्ण त्यात होते. एका गटाच्या मानेतल्या ग्रंथी तोंडाच्या ऑपरेशनबरोबरच काढल्या, दुसऱ्या गटाच्या गाठ दिसल्यावर काढल्या. तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के हयात होते, दुसऱ्यातले ६७.५ टक्के. ज्यांच्या ग्रंथी आधीच काढल्या त्यांच्यातल्या शेकडा तीसच्या आसपास लोकांच्या मानेत रोग लपलेला निघाला. एक-दोन मिलिमीटरचा रोग कुठलंही यंत्र भरवशाने दाखवू शकत नाही. म्हणून 'स्कॅन क्लीन आहे' या वाक्याचा अर्थ 'यंत्राला दिसेल एवढं काही नाही' इतकाच घ्यायचा.

पेट स्कॅनबद्दलही लोकांच्या मनात फार गोंधळ असतो. सगळ्यांत महाग, म्हणून सगळ्यांत चांगला, असं समजून नातेवाईक त्याचा आग्रह धरतात. त्यात साखरेसारखं किरणोत्सारी औषध टोचतात. भुकेल्या पेशी ते ओढून घेतात आणि चित्रात चमकतात. पण मेंदूही चमकतो, टॉन्सिलही चमकतात, सूज आलेली जागाही चमकते. इंजेक्शननंतर गप्प पडून राहायला सांगतात, कारण बडबड केली तर स्वरयंत्राचे स्नायूही ते औषध खातात! रोग पुढे गेलेला असेल, मानेत गाठ आहे पण मूळ सापडत नाही अशी स्थिती असेल, किंवा ऑपरेशनशिवाय किरणांचा आणि औषधांचा उपचार झाल्यावर मानेत काही उरलं का हे पाहायचं असेल, तर त्याचा खरा उपयोग. २०१६ मध्ये ब्रिटनमधला ५६४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. उपचारानंतर बारा आठवड्यांनी पेट-सीटी केला आणि तो स्वच्छ असेल तर मानेचं ऑपरेशन टाळलं, तरी जगण्याच्या प्रमाणात तोटा झाला नाही. कितीतरी माना चाकूपासून वाचल्या. मामाला मात्र डॉक्टरांनी पेट लागणार नाही असं सांगितलं.

ऑपरेशन झालं. जिभेचा उजवा भाग आणि मानेतल्या ग्रंथी काढल्या. दोन आठवड्यांनी हिस्टोपॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला. जिभेतली खोली प्रत्यक्षात ७ मिलिमीटर निघाली, म्हणजे एमआरआयने थोडी जास्त सांगितली होती. पण त्या एका ग्रंथीचं आवरण फोडून रोग बाहेर पडला होता. ते स्कॅनमध्ये दिसलं नव्हतं. एन१ चा झाला एन२ए. आणि रिपोर्टच्या खाली शेरा होता, स्टेज चार ए.

मामीने तो कागद माझ्या हातात पाहिला. "पंधरा दिवसांत तिसरीची चौथी झाली?" एवढं म्हणून ती बाकावर बसली. मामेभावाने मला बाजूला घेऊन सांगितलं की बाबांना तिसरीच सांगायची. आपल्या घरांत हे असंच चालतं. तेवढ्यात मामाने खाटेवरून मला बोलावलं. जीभ सुजलेली, बोलणं अर्धं कळत होतं. कोंकणीत म्हणाला, "पुता, म्हाका फट सांगूं नाका." मी कागद त्याच्या हातात दिला.

डॉक्टर बाई आल्या तेव्हा त्याने त्या ओळीवर बोट ठेवलं. त्या स्टूल ओढून बसल्या. "काका, रोग पंधरा दिवसांत वाढलेला नाही. ऑपरेशनच्या दिवशीही तो एवढाच होता, आणि तो आपण काढला आहे. आज तो आपल्याला अधिक नीट दिसला, एवढाच फरक. आता किरणांबरोबर औषधही द्यायचं, हे या कागदामुळे ठरलं."

मग मला कळलं की फाईलीत दोन्ही नोंदी राहतात. ऑपरेशनआधीची एक, तिच्यापुढे क्लिनिकल म्हणून 'सी', आणि सूक्ष्मदर्शकानंतरची दुसरी, पॅथॉलॉजीचा 'पी'. पहिली खोडायची नसते. पुढे रोग उलटला तरी मूळ स्टेज बदलत नाही, नवी नोंद वेगळी होते. सरकारी दफ्तरात आम्ही हेच शिकतो. जुना शेरा तसाच ठेवून खाली तारखेसह नवा लिहायचा.

आणि चौथी स्टेज म्हणजे शेवट, हा समजही इथे तपासून घ्यायला हवा. डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये चौथीचे तीन भाग आहेत. ए म्हणजे रोग त्या भागात पुढे गेलेला, पण बहुतेक वेळा बरं करण्याच्या उद्देशानेच उपचार होतात. बी म्हणजे त्याच भागात फारच पसरलेला. सी म्हणजे दूरच्या अवयवात गेलेला. 'चौथी' एवढंच ऐकून आपण तिघांना एकाच रांगेत बसवतो. आकडा किती माणसाने ठरवलेला आहे याचं आणखी एक उदाहरण सांगतो. एचपीव्ही या विषाणूमुळे होणारा घशाचा कॅन्सर उपचाराला चांगली साथ देतो असं दिसून आल्यावर आठव्या आवृत्तीत त्याचं कोष्टकच वेगळं केलं. लहान गाठ आणि मानेच्या एकाच बाजूला दोन-तीन ग्रंथी, अशा ज्या रुग्णाची जुन्या पुस्तकात चौथी स्टेज होती, त्याची नव्या पुस्तकात पहिली झाली. रुग्ण तोच, स्कॅनही तोच!

आपल्याकडे मात्र तोंडाच्या कॅन्सरचं मूळ बहुधा तंबाखू आणि सुपारीत असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नुसत्या सुपारीलाही, तंबाखूशिवाय, कर्करोगकारक ठरवलं आहे. पूजेतला गणपती सुपारीचा, लग्नाचं आमंत्रण सुपारीचं, आणि अनेक कुटुंबांचं वर्षाचं उत्पन्न पोफळीचं, अशा प्रदेशात हे वाक्य लिहिताना माझाही हात अडखळतो. मामाचं कुळागर आजही आहे. सुपारी विकली जाते. घरातला पानाचा डबा मात्र मामीने देव्हाऱ्याखालच्या कपाटात बंद केला आहे.

सहा आठवडे किरणं झाली, बरोबर सिस्प्लॅटिनचं औषध. ते दिवस वाईट गेले. पेज गिळतानाही डोळ्यांत पाणी यायचं. त्याला आता तीन वर्षं उलटून गेली. ठरल्याप्रमाणे तपासण्या होतात आणि अजून काही निघालेलं नाही. 'स' आणि 'र' त्याला नीट म्हणता येत नाहीत, त्यामुळे नाटकात काम करत नाही. तालमीला मात्र जातो, मागे बसून पेटी धरतो आणि पोरांचे उच्चार चुकले की हाताने थांबवतो.

तुमच्यापैकी कुणावर ही वेळ येऊ नये. आलीच, तर स्कॅनच्या प्लेटबरोबर सीडीही मागून घ्या, कारण दुसऱ्या डॉक्टरांना प्लेटपेक्षा तिचा उपयोग जास्त. सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा. तोंडातला फोड किंवा चट्टा तीन आठवड्यांत भरला नाही तर दाखवा, दुखत नसला तरीही. आणि डॉक्टरांना विचाराल तेव्हा नुसतं "स्टेज कितवी?" असं विचारू नका. टी, एन, एम काय आहे, ते कशावरून ठरवलं, आणि त्यामुळे उपचारात काय बदलणार आहे, एवढं विचारा. पुढे कुणी तुम्हाला आकडा विचारला तर हेच त्यांनाही समजावून सांगता येईल.